आधी रिमोट, मग गाडी

शर्यतीआधी बस्त्यावकाका चपला काढत. डांबर संपून मिठागराचा बांध सुरू होतो तिथे त्या दोन चपला शेजारी शेजारी ठेवत आणि आम्ही खडूने आखलेल्या वळणांवरून अनवाणी, अगदी सावकाश एक फेरी मारत. मान खाली, ओठ हलत असलेले. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे गृहस्थ रोझरीची प्रार्थना म्हणताहेत. भाविक माणसाच्या वाटेत येऊ नये म्हणून मी माझी नवीकोरी रिमोटची गाडी आदराने बाजूला घेतली. ती जाऊन आदळली चहाच्या थर्मासवर. थर्मास कलंडला, चहाचा ओघळ रस्त्यावर आला आणि काकांचं पुढचं पाऊल नेमकं त्यात पडलं. ते थांबले. डोळे मिटले. आणि गंभीरपणे म्हणाले, "हितं रस्ता तापलाय."

मग त्यांनी डोळे उघडून खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तळवा पुसत विचारलं, "साखर जास्त टाकता काय तुम्ही?"

ते रोझरी म्हणत नव्हते. ते रस्त्याचा ताप पाहत होते. डांबर थंड असेल तर चाकांना मऊ रबर लागतं, तापलं असेल तर कडक. बाकीच्यांकडे त्यासाठी पिस्तुलासारखे छोटे तापमापक होते. काकांकडे तळपाय होते. ते बहुतेक वेळा बरोबर सांगत, आणि चुकले की दोष रस्त्याला देत.

हा रस्ता नायगावचा. एका बाजूला नवे टॉवर, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि त्यापलीकडे खाडी. रस्ता रुंद होता, गुळगुळीत होता, दुभाजकाचे ठोकळेही आणून ठेवलेले होते. फक्त तो अजून कुठे जात नव्हता. पुढचं काम रखडलं होतं. त्यामुळे त्याला ना नाव होतं ना वाहनं. हिवाळ्यात सकाळी मिठागरातून धुकं उठायचं आणि रस्त्याचं दुसरं टोक त्यात विरघळून जायचं. रविवारी आम्ही दहाबारा मोठी माणसं हातभर लांबीच्या गाड्या घेऊन तिथे जमायचो. गाड्या धुक्यात शिरायच्या, दिसेनाशा व्हायच्या, नुसती मोटरची बारीक गुणगुण ऐकू यायची, आणि मग दुसऱ्याच ठिकाणाहून त्या बाहेर यायच्या. झोपेत पडलेलं स्वप्न रांगेत उभं राहून बघायला मिळावं, तसं ते होतं.

मी या प्रकारात चाळिशीनंतर पडलो. घरी मी "गाडी घेतोय" असं सांगितलं होतं, तेव्हा बायकोने बोळिंजच्या आमच्या सोसायटीत पार्किंगची चौकशीसुद्धा करून ठेवली होती. मग मी खोकं काखेत घेऊन आलो. बायकोने खोकं दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं. "यात पाय कुठे ठेवायचे?" एवढंच तिने विचारलं. खोकं उघडलं तर आत गाडीही नव्हती. नुसते सुटे भाग होते. स्क्रू, स्प्रिंगा, करंगळीएवढे शॉकअबसॉर्बर आणि त्यांत भरायचं तेल. शर्यतीची गाडी आयती येत नाही, ती आपली आपण बांधायची असते. मी बांधली. चाकं फिरवणारा दात्यांचा गोळा मी उलट बसवला होता, त्यामुळे घोडा, म्हणजे रिमोटचा वेगाचा खटका, ओढला की गाडी अदबीने मागे सरकायची. पहिल्याच रविवारी काकांनी ती पाहिली तेव्हा ते म्हणाले, "बोळिंजकर, तुझी गाडी लाजते रे."

पण त्यांची माझी खरी ओळख झाली ती त्या चहाच्याच दिवशी, तासाभराने, आणि तीही माझ्या गाडीनेच करून दिली.

तोवर कुणीतरी दया येऊन तिचं तोंड पुढे करून दिलं होतं. निघायची वेळ झाली. टीव्ही बंद करतात तसा मी रिमोट बंद केला. गाडी अजून रस्त्यावर, चालू. आता अशा गाडीला एक गोष्ट आधीच शिकवून ठेवायची असते: रिमोटशी संपर्क तुटला तर काय करायचं. शिकवायची रीत सोपी आहे. रिमोटचा घोडा मोकळा सोडायचा, चाकं सरळ ठेवायची आणि गाडीतलं एक बटण दाबायचं. त्या क्षणी जे असेल ते गाडी लक्षात ठेवते. मी ते बटण दाबलं तेव्हा उत्साहाच्या भरात माझं बोट घोड्यावर पूर्ण आवळलेलं होतं. थोडक्यात, माझ्या गाडीचा पहिला आणि एकमेव धडा होता: मालक गेला की सुसाट पळ.

ती पळाली. आमच्यात एक दातांचे डॉक्टर होते, नेहमी पहिले येणारे. त्यांच्या दोन पायांमधून गेली, बांधावर चढली आणि धुक्यात नाहीशी झाली. मोटरचा आवाज लांब लांब जात राहिला. मग एक लहानसा 'डुबुक'.

"सुंदर उडी," डॉक्टर म्हणाले. "कवळी असती तर बसवून दिली असती."

 काकांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, मिठागरात उतरले आणि माझी गाडी दोन्ही हातांनी, एखादं भिजलेलं कबूतर आणावं तशी घेऊन आले. त्यांच्या सायकलला फुलांवर पाणी शिंपडायची झारी अडकवलेली असे. ती त्यांनी गाडीवर धरली.

"अहो काका, पाणी! आत वायरिंग आहे!"

"मिठापेक्षा पानी बरं," काका म्हणाले आणि तिला आंघोळ घालत राहिले. मग आपल्या रुमालाने पुसून तिला माझ्या हातात दिलं. "ऐक. आधी रिमोट जागा करायचा, मग गाडी. झोपवताना आधी गाडी, मग रिमोट. गाडी कधी एकटी जागी ठेवायची नाय. समजला? आनि ही काय शिकवन दिलीस तिला? मालक नसला की काय करायचं?"

"पळायचं, असं दिसतंय."

"तर मग वाडीवर घेऊन ये. थांबायला शिकवू तिला."

वाडी वसईच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला. केळींच्या रांगांमधून वाट आत जायची, उजव्या हाताला मोगऱ्याचे वाफे आणि मागे बावखल. वसईच्या वाड्यांमध्ये गोड्या पाण्याची जी तळी असतात त्यांना बावखल म्हणतात. त्या पाण्यावर सकाळभर केळीच्या पानांची हिरवी सावली हलत असायची. ओट्यावर एका जुन्या मेजाची संगमरवरी फळी होती, काकांच्या मते तालुक्यातली सगळ्यात सपाट जागा. तिच्यावर गाडी ठेवायची आणि तिच्याशी बोलायचं. हो, बोलायचं. माझ्याशी काका सगळ्यांना समजेल अशी मराठी बोलत, पण गाडीशी त्यांच्या घरच्या बोलीत. मला त्यातलं अर्धंही कळायचं नाही. एकदा तक्रार केली तर म्हणाले, "तुला कशाला कळायला पायजे? तुला सांगतोय काय मी?"

त्यांची हत्यारं बघून डॉक्टरांना घाम फुटायचा. गाडीचा सांगाडा पिळवटलेला नाही ना, हे पाहायला काकांच्या बायकोची, रेजिनाकाकींची, मासे कापायची सुरी. तिचं टोक गाडीच्या नाकाखाली मधोमध लावून अलगद उचलायचं. दोन्ही चाकं फळीवरून एकदम सुटली तर सांगाडा सरळ. दात्यांमध्ये किती फट ठेवायची हे ठरवायला मोगऱ्याच्या पुडीच्या कागदाची पट्टी. ती दोन दात्यांमध्ये घालून स्क्रू आवळायचे आणि मग ओढून काढायची. घरी मी हाच प्रयोग लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेची पट्टी कापून केला. पत्रिका जाड, फट मोठी, दाते एकमेकांना नुसते हात लावून पुढे जात. गाडी जागच्या जागी किंचाळायची.

"कुनाचं लगीन होतं?" काकांनी विचारलं.

"मेव्हण्याचं."

"तरीच."

पण मला सगळ्यात आवडायचं ते शॉकअबसॉर्बरचं काम. त्यात तेल भरलं की आत हवेचे बुडबुडे अडकतात. दांडा हळूच खालीवर करायचा आणि बुडबुडे वर यायची वाट बघायची. यात करण्यासारखं काही नसतं. काका चार शॉकअबसॉर्बर ओट्यावर ओळीने उभे करायचे आणि आम्ही बावखलाकडे बघत बसायचो. तिकडे पाण्यातूनही मधूनच एखादा बुडबुडा वर यायचा, वर्तुळ मोठं होत काठाला लागायचं. कधी कधी मला समजायचं नाही की आपण नेमके कुठले बुडबुडे मोजतोय. मी एकदा तिथेच बसल्या बसल्या झोपलो आणि तेलाची बाटली लाथाडली.

"घाई केली की बुडबुडा आत रायतो," काका म्हणायचे. "मग गाडी वळनावर उचकी देते."

काकांची नोकरी गोदीत झाली होती, क्रेनवर. उंच काचेच्या खोलीत बसायचं, खाली माणसं दाण्यांएवढी, आणि हातातल्या दांड्याने जहाजावर माल उतरवायचा. ते सांगू लागले की आवाज खाली यायचा. "अंड्यांची पेटी असो नायतर इंजिन. डेकवर ठेवली ते डेकला कळलं नाय पायजे. माझ्या हातून आजवर काय म्हनजे काय आपटलं नाय."

"घरात कपबशीला हात लावत नाही, तर आपटेल कुठून?" आतून रेजिनाकाकींचा आवाज यायचा.

काकींनी शाळेत चित्रकला शिकवलेली. जीभ सुरीपेक्षा धारदार, आणि गुडघे गेलेले. पायऱ्या उतरायच्या म्हणजे एक हात भिंतीवर, एक काकांच्या खांद्यावर. आणि त्यांचं काकांशी वर्षानुवर्षं एकच भांडण होतं. ते समजायला काकांची स्वतःची गाडी समजायला हवी.

ती फुलांच्या करंडीत राहायची, ओल्या फडक्याऐवजी कोरड्या फडक्यात गुंडाळलेली. करंडी मोगऱ्याची असल्यामुळे गाडीलाही मोगऱ्याचा वास होता; रबर, तेल आणि मोगरा. तिच्यासारखी बांधलेली गाडी मी पाहिलेली नाही. एकेक वायर जणू वेणी घालावी तशी बसवलेली. आणि तिचं वरचं कवच काकींनी रंगवलेलं. ही कवचं काचेसारखी पारदर्शक असतात आणि रंग बाहेरून नाही, आतून द्यायचा असतो. म्हणजे सगळं उलट. एरवी आधी रंग आणि मग त्यावर फूल. इथे फूल आधी काढायचं आणि मग त्याच्यामागून रंग फासायचा. काकींनी टपावर मोगऱ्याचं एक फूल काढलं होतं आणि मागून कोवळ्या केळीच्या पानाचा हिरवा रंग दिला होता. बाहेरून बघितलं की फूल कवचाच्या आत, पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं.

आणि ही गाडी कधीच रस्त्यावर उतरली नव्हती.

काका तिला दर रविवारी करंडीतून आणत, रस्त्याची फेरी अनवाणी मारत, तिची चाकं बदलत, स्प्रिंग बदलत, पुढच्या चाकांचा कल केसभर इकडे तिकडे करत आणि शेवटी म्हणत, "अजून थोडी बाकी हाय." मग ती परत करंडीत. स्वतः जाऊन उभे राहत लांबच्या कोपऱ्यावर. आमच्यात एक रीत आहे. ज्याची गाडी धावत नसेल त्याने वळणावर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करून द्यायच्या, मग ती शत्रूची का असेना. सगळे पाळीपाळीने उभे राहतात. काका नेहमीच उभे असत. आणि माझ्यामुळे त्यांना बसायला वेळ मिळत नसे. माझी गाडी उलटली की ते येत, उचलत, चारी चाकं एकदम टेकतील अशी ठेवत. रस्त्याला कळत नसे.

"मला ती धावताना बघायचीय," काकी म्हणायच्या. "रंग मी दिला तो काय करंडीला दाखवायला? माझ्या शवपेटीत ठेवायची असेल तर तसं सांग, फूल जरा मोठं काढलं असतं."

"गाडी तयार नाय, रेजिना."

"गाडी तयार आहे. तू नाहीस."

यावर काका बुडबुडे बघायला निघून जात.

मग एका रविवारी आम्ही पाहिलं, तर रस्त्यावर दिव्यांचे खांब येऊन पडले होते. पांढरे पट्टे मारायचं यंत्र उभं होतं. रस्त्याला पुढचा रस्ता मिळाला होता; पुढचा रविवार झाला की तो उघडणार होता. म्हणजे आमच्याकडे एकच रविवार होता. दुसरी अशी गुळगुळीत जागा आसपास नव्हती. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर गाड्या शोकेसमध्ये. सगळे हळहळले. काकांनी करंडीवर फडकं नीट केलं. काकींना हे मी सांगितलं. मुद्दाम सांगितलं.

शेवटच्या रविवारी रिक्षातून रेजिनाकाकी उतरल्या. बरोबर प्लास्टिकची खुर्ची आणि डबाभर फुगे. हवेचे नव्हेत, वसईच्या लग्नातले तळलेले गोड फुगे. खुर्ची रस्त्याच्या कडेला मांडून त्या बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हं. मी आलेय. परत मी पायऱ्या उतरून येणार नाही. गुडघे बघ माझे."

काका चपला न काढताच उभे राहिले. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी तेवढ्यात एक उपयोगी काम करून ठेवलं. सरावाच्या पहिल्याच फेरीत माझी गाडी दुभाजकाच्या ठोकळ्यावर घातली आणि तिचा पुढच्या चाकाला धरणारा हात मोडून घेतला. सहा गाड्यांची शेवटची शर्यत, त्यात पाचच उरल्या. माझी जागा रिकामी झाली. लोक अजूनही मला विचारतात की हे मुद्दाम केलंस का. नाही. मुद्दाम मला एवढं नेमकं आपटता आलं असतं तर मी डॉक्टरांना हरवलं असतं.

काका माझ्या मोडक्या गाडीकडे बघत होते. मग काकींकडे. मग त्यांनी करंडी उघडली. फडकं बाजूला झालं आणि मोगऱ्याचा वास आला. रिमोट त्यांनी माझ्यापुढे धरला.

"मी?" मी म्हणालो. "काका, डॉक्टरांना द्या. मी आत्ताच—"

"माझ्या हातून कधी काय आपटलं नाय," काका हळू आवाजात म्हणाले. "म्हनून माझा हात थरथरतो, हे बघ. तुझ्या हातून सगळं आपटून झालंय. तुला भीती नाय."

आयुष्यात माझ्या गुणांची एवढी कदर कुणी केली नव्हती. त्यांनी चपला काढल्या, फेरी मारली, मधलं रबर निवडलं आणि आपल्या लांबच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले.

पाच मिनिटांची शर्यत. सिमेंटच्या पाइपांवर फळ्या टाकून केलेल्या मचाणावर आम्ही उभे. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, त्यातून ऊन गाळून येत होतं. गाड्या सुटल्या.

मी ती गाडी चालवली असं म्हणता येणार नाही. मी नुसता वळणाचा विचार करायचो आणि ती वळलेली असायची. माझ्या गाडीला वळण म्हणजे वादावादी होती; ही गाडी वळणाला ओळखत होती. ती धुक्यात शिरली की हिरवा रंग आधी जायचा, मग नुसतं पांढरं फूल तरंगत जायचं, मग काही नाही. मग पलीकडून ते फूल परत यायचं. बांधावर बगळे बसले होते, त्यांनीही माना वळवल्या. मला आठवतं, मला वाटलं होतं की हे कधी संपूच नये आणि आपल्याला कुणी उठवू नये. मी तिसरा होतो. मी! मग दुसरा झालो. शेजारी डॉक्टर दातओठ खात होते, स्वतःचे.

आणि तिथे मी तो मूर्खपणा केला. मला पाहायचं होतं की काकी बघताहेत ना. मी मान वळवून खुर्चीकडे पाहिलं. काकी दोन्ही हात गालांवर ठेवून बघत होत्या, चित्रकलेच्या बाई न दिसता चित्र काढणारी मुलगी दिसत होत्या. मी ते बघतच राहिलो. गाडीकडे मग मी बघतच नव्हतो.

ठोकळ्याला लागल्याचा आवाज आला. गाडी उडाली, उलटी झाली आणि टपावर, त्या फुलावर, घासत घासत गेली ती थेट काकांच्या अनवाणी पायांपाशी.

काका हलले नाहीत. बाकीच्या गाड्या त्यांच्या बाजूने सूं सूं करत जात होत्या. आमच्या सगळ्यांच्या गाड्या उलटल्या की क्षणात वाकणारा तो माणूस नुसता उभा होता.

"काका, उचला!" डॉक्टर ओरडले. पहिले असलेले डॉक्टर, ज्यांना त्यात काही फायदा नव्हता. "काका, गाडी उचला!"

काका वाकले. गाडी उचलली, सरळ केली, टपावर अंगठा फिरवला. तोंडाजवळ धरून तिला काहीतरी म्हणाले. मग ठेवली. चारी चाकं एकदम. आणि माझ्याकडे बघून हात वर केला: जा.

आम्ही शेवटचे आलो.

मी मचाणावरून उतरलो. काका गाडी हातात घेऊन येत होते. "काका, ओरखडा..." एवढंच मला म्हणता आलं.

"भाईर हाय," काका म्हणाले. अंगठा अजून टपावर फिरत होता. "फूल आत हाय. त्याला काय झालं नाय." जणू ही गोष्ट त्यांना आजच कळली होती. मग त्यांनी हात पुढे केला. "दे रिमोट."

हात थरथरत होता की नाही, मी पाहिलं नाही. बॅटरीत जीव थोडाच उरला होता, त्यामुळे गाडी संथ निघाली. मोकळ्या रस्त्यावरून एक लांब फेरी, धुक्याच्या उरल्यासुरल्या चिंधीतून, बगळ्यांच्या खालून. परत येताना काकांनी वेग आणखी कमी केला आणि ती हिरवी गाडी काकींच्या पायाशी आणून थांबवली. चप्पल आणि चाक यांच्यात मोगऱ्याच्या पुडीच्या कागदाची पट्टी जेमतेम गेली असती.

"चालते की!" काकी म्हणाल्या. डोळे पुसले, मग नेहमीच्या आवाजात, "मग एवढी वर्षं काय झालं होतं?"

"अजून थोडी बाकी होती."

काकींनी खुर्चीतून वाकून गाडीचं बटण बंद केलं. मग काकांनी रिमोट. आधी गाडी, मग रिमोट. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी फुगे खाल्ले. मी चार खाल्ले आणि पाचवा रिमोटवर पाडला.

गाडीला काय म्हणालात, हे मी त्यांना बऱ्याच दिवसांनी विचारलं. तेव्हा आम्ही पुन्हा बुडबुडे बघत बसलो होतो. रस्त्यावर तोवर बस धावू लागली होती. "काय म्हननार?" काका म्हणाले. "लागलं काय, विचारलं."

त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात, मोगऱ्याच्या ऐन बहरात, दुपारी ओट्यावरच्या आरामखुर्चीत काका झोपले आणि उठले नाहीत. दफनाला आम्ही सगळे गेलो. वाडीतली पोरं पेटी दोरांनी खाली सोडत होती. एक दोर किंचित घसरला आणि माझ्या शेजारी डॉक्टरांनी श्वास रोखला; मला माहीत होतं त्यांच्या मनात काय आहे, कारण माझ्याही मनात तेच होतं. मग पोरांनी दोर सावरला. पेटी खाली टेकली. आवाज झाला नाही.

नंतर मी बरेच दिवस वाडीवर गेलो नाही. रविवार आला की उगाच इकडे तिकडे पळायचो. मॉल, मेव्हणा, नको त्या पूजा. पहिल्या दिवशीच्या माझ्या गाडीसारखा. शेवटी काकींचाच फोन आला. "बोळिंजकर, मेलास काय? ये."

गेलो तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या. संगमरवरी फळीवर हिरवी गाडी आणि रिमोट. "मला शिकव," काकी म्हणाल्या. "अंगणापुरतं. अंगणात गुडघे लागत नाहीत."

मी घोडा दाखवला, चाक दाखवलं. मग म्हणालो, "काकी, त्याआधी एक बघावं लागेल. रिमोट अचानक गेला तर गाडी काय करते ते. काकांनी काय शिकवून ठेवलंय ते."

"बघ."

गाडी अंगणात सोडली. ती तुळतुळीत सारवल्या जमिनीवरून मोगऱ्याच्या वाफ्याकडे निघाली. आणि मी रिमोट बंद केला.

गाडी थांबली. धडपडली नाही, वळली नाही. चाकं सरळ, जिथे होती तिथे, सगळ्यांना दिसेल अशी उघड्या अंगणात उभी राहिली. टपावरचं फूल उन्हात चमकत होतं. त्याच्यावरचा ओरखडाही.

काकी ओट्यावरून पुढे झुकल्या. बावखलात कुठेतरी एक बुडबुडा फुटला.

"पळाली नाही," त्या म्हणाल्या.

"नाही काकी."

"हं." त्यांनी हात पुढे केला. "आता तो रिमोट दे इकडे. ती एकटी जागी आहे."